दोन्ही कन्सोल, एक कंट्रोलर? एलिट २, एज की हॉल इफेक्टवाला?

उलटास्टिक:
पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्ही वापरात आहेत. मागे जादा बटणं, बदलता येणाऱ्या स्टिक आणि ट्रिगर स्टॉप (ट्रिगर किती खोल दाबला जाईल ते कमी करणारा खटका) असलेला कंट्रोलर घ्यायचा आहे. मुख्य खेळ शूटर, त्याखालोखाल रेसिंग, क्वचित फायटिंग. यादीत उरलेली नावं: एक्सबॉक्स एलिट सिरीज २, ड्युअलसेन्स एज, नेकॉन रेव्होल्यूशन ५ प्रो आणि रेझर वुल्व्हरिन व्ही३ प्रो.

शंका तीन. एकच कंट्रोलर दोन्हीकडे चालेल का? हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणारी स्टिक) घेतला की ड्रिफ्टची, म्हणजे स्टिक न हलवता कॅमेरा आपोआप सरकण्याची, कटकट कायमची मिटते का? आणि मागची बटणं दोन पुरतात की चार हवीत?

आरबीफुटला:
पहिल्याचं उत्तर सरळ "नाही". पीएस५ चे गेम फक्त पीएस५ साठी मान्यता असलेला कंट्रोलर ओळखतात, एक्सबॉक्सचंही तसंच. मधे अडॅप्टर घालून जमवण्याच्या भानगडीत पडू नका. नोव्हेंबर २०२३ पासून एक्सबॉक्सने परवाना नसलेली उपकरणं अडवायला सुरुवात केली. तेव्हापासून असं काही जोडलं की ०एक्स८२डी६०००२ हा एरर येतो. पीएस५ वर आज चालणारा अडॅप्टर पुढच्या सिस्टिम अपडेटनंतर मुका होऊ शकतो.

म्हणजे जास्त वेळ कुठल्या कन्सोलवर जातो ते आधी ठरवा. त्यातच यादी अर्धी होते: एज आणि नेकॉन पीएस५ चे, एलिट आणि वुल्व्हरिन व्ही३ प्रो एक्सबॉक्सचे.

पीएस५ बाजूला एक मोठा फरक आहे, तो खोक्यावर ठळक छापलेला नसतो. नेकॉन, व्हिक्ट्रिक्स, रेझरचा व्ही२ प्रो या बाहेरच्या कंपन्यांच्या पॅडमध्ये अडॅप्टिव्ह ट्रिगर (गेमनुसार बोटाला विरोध करणारे) नाहीत आणि ड्युअलसेन्ससारखं हॅप्टिकही (बारीक थरथर) नाही. पीएस५ गेममध्ये नेकॉन अजिबात थरथरत नाही. शूटर ऑनलाइन खेळणारे बहुतेक जण ते तसंही बंद ठेवतात, पण रेसिंगमध्ये ब्रेक लॉक होताना ट्रिगरवर जाणवणारा विरोध गेला की चुकल्याचुकल्यासारखं होतं. शिवाय हे सगळे यूएसबी डोंगलवर (कन्सोलला लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालतात. डोंगल हरवला तर वायरलेस कायमचं गेलं म्हणून समजा.

डेडझोनशून्य:
दुसऱ्या शंकेबद्दल जरा इस्कटून सांगतो, कारण "हॉल इफेक्ट म्हणजे ड्रिफ्ट नाही" हे अर्धसत्य आहे.

एलिट २ आणि एज, दोन्हींच्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर आहेत. आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक जीभ घासत फिरते. पट्टा मधोमध सगळ्यात जास्त झिजतो, कारण स्टिक प्रत्येक वेळी तिथेच परत येते. झिजलेल्या कार्बनची भुकटी तिथेच साचते, आकडा थरथरायला लागतो आणि कॅमेरा आपोआप सरकतो. हॉल सेन्सरमध्ये चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. घासत काहीच नाही, त्यामुळे ही झीज संपली.

पण स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग दोन्हींत सारखीच असते. ती सैल पडली की हॉलची स्टिकही मध्यावर नेमकी थांबत नाही. कॅलिब्रेशन (कंट्रोलरने धरलेला मध्यबिंदू) बिघडलं तरी तेच. टीएमआर सेन्सरही चुंबकावरच चालतो, वीज कमी खातो आणि बारीक हालचाल जास्त नेमकी पकडतो. स्प्रिंगचा प्रश्न मात्र तिथेही सुटत नाही.

तपासायची पद्धत: स्टिकची थेट स्थिती दिसेल अशा स्क्रीनवर जा (एक्सबॉक्सवर ॲक्सेसरीज ॲप आहे). स्टिक एका दिशेला टोकापर्यंत न्या आणि झटकन सोडा. आठही दिशांनी प्रत्येकी पाच वेळा करा. हळूच मध्यावर आणून सोडली तर चाचणी फुकट, सगळ्याच स्टिक शहाण्यासारख्या वागतात. मध्यापासून सर्वात लांब जिथे थांबली तो आकडा धरा आणि डेडझोन (मध्याजवळची हालचाल जिथपर्यंत मोजली जात नाही ती हद्द) त्याच्या एक-दोन टक्के वर ठेवा. हा डेडझोन गेममध्ये किंवा कंट्रोलरच्या प्रोफाइलमध्ये, एकाच ठिकाणी लावा. दोन्हीकडे लावला की ते एकावर एक चढतात आणि बारीक नेम धरताना स्टिक चिखलात रुतल्यासारखी वाटते. ही चूक इतकी सर्रास होते की निम्म्या "स्टिक खराब आली" तक्रारींचं मूळ इथेच असावं.

पट्टीबहाद्दर:
वरच्याशी सहमत. मागच्या बटणांचं सांगतो.

एजला दोन, एलिटला चार, व्ही३ प्रोला मागे चार आणि वर ट्रिगरजवळ आणखी दोन. शूटरमध्ये फायदा एकच: उजवा अंगठा नेमाच्या स्टिकवरून उचलावा लागत नाही. तो ज्या कामांसाठी उचलला जातो त्यात उडी आणि बसणं-घसरणं ही दोन सर्वात महागडी, कारण दोन्ही ऐन गोळीबारात लागतात. ती मागे नेली की ८० टक्के काम झालं. रीलोड आणि शस्त्र बदलणं आडोशाला होतं, ते समोर राहिलं तरी चालतं. त्यामुळे दोन पुरतात.

तिसरं बटण असेल तर त्यावर एल३ (डावी स्टिक खाली दाबणं), म्हणजे शूटरमध्ये धावणं, टाका. याचं कारण वेगाचं नाही. स्टिक पुढे रेटलेली असतानाच खाली दाबली की सगळा भार स्टिकच्या मॉड्यूलवर (आतल्या यंत्रणेवर) तिरका येतो. तो भार वाचला तर डावी स्टिक जास्त टिकते.

चारही पॅडल (मागची बटणं) पहिल्या दिवशीच लावू नका. एलिटची पॅडल चुंबकावर बसतात, खालची दोन काढून ठेवा. कंट्रोलर घट्ट धरायची सवय असेल तर मधलं बोट आणि अनामिका नकळत दाबत राहतात, आणि मग भर लढाईत ग्रेनेड पायाशी पडतो. एजसोबत अर्धगोल आणि लिव्हर अशा दोन जोड्या येतात. लहान हातांना अर्धगोल बरे, चुकून दाबले जात नाहीत.

आणखी एक: ही बटणं कन्सोलला नवीन बटणं म्हणून दिसत नाहीत, आधीच्याच बटणाची नक्कल करतात. एलिटमध्ये एका पॅडलला 'शिफ्ट' करून दुसरा थर मिळवता येतो, पण शूटरमध्ये तो लक्षात ठेवणं म्हणजे डोक्याला ताप.

उलटास्टिक:
छान माहिती, आभार. एक उपप्रश्न: एज किंवा एलिट घेऊन नंतर त्यात हॉल स्टिक बसवता येतात का? आणि ट्रिगर स्टॉप रेसिंगला आड येतात का?

सोल्डरवाला:
एलिटमध्ये बसवता येतात, पण ते घरच्या घरी स्क्रूड्रायव्हरने होणारं काम नाही. प्रत्येक स्टिक मॉड्यूलला १४ पिना असतात: दोन सेन्सरच्या तीन-तीन, खटक्याच्या आणि सांगाड्याच्या मिळून आठ. जुनी काढताना सांगाड्याच्या पिना सर्वात त्रास देतात, कारण त्या बोर्डच्या मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेल्या असतात आणि उष्णता शोषून घेतात. घाईने ओढलं की बोर्डवरचं पॅड उखडतं. सोल्डरिंग नीट झालं तरी कॅलिब्रेशन उरतंच. नव्या सेन्सरचा मध्यबिंदू कंट्रोलरने लक्षात ठेवलेल्या मध्यबिंदूशी जुळत नाही.

एजमध्ये स्टिक बदलणं सोपं केलं आहे, आणि माझ्या मते त्या कंट्रोलरचं हेच खरं वैशिष्ट्य. वायर काढून कंट्रोलर बंद करा, मागची रिलीज पट्टी सरकवा, समोरचं काळं झाकण उचला, मॉड्यूलची छोटी लिव्हर वर करा आणि मॉड्यूल सरळ ओढून काढा. नवीन दाबून बसवा, लिव्हर खाली, झाकण लावा. पाच मिनिटं. मॉड्यूल सुटं मिळतं. म्हणजे ड्रिफ्ट टळत नाही, पण ड्रिफ्ट झाल्यावर अख्खा कंट्रोलर टाकावा लागत नाही. जिथे भाग झिजणारच, तिथे तो बदलता येणं मला "कधीच झिजणार नाही" या जाहिरातीपेक्षा भरवशाचं वाटतं.

एजची दुखरी बाजू बॅटरी. साध्या ड्युअलसेन्समध्ये १५६० एमएएच, एजमध्ये १०५०. जवळजवळ एक तृतीयांश कमी. सोबतची वेणीची वायर आणि तिला जागेवर लॉक करणारी छोटी टोपी याचसाठी आहे. लांब बैठक असेल तर वायर लावूनच खेळा.

एलिटची बॅटरी ४० तासांपर्यंत सांगितली आहे, ती बाजू भक्कम. स्टिकचा ताणही तीन पायऱ्यांत बदलता येतो: वरची टोपी ओढून काढा, दांड्यातल्या खाचेत किल्ली घालून फिरवा. उजवीकडे उंच टोपी आणि मधला ताण ही जोडी नेमाला चांगली, कारण तेवढ्याच कोनासाठी अंगठा जास्त अंतर जातो. दुखरी बाजू आरबी-एलबी बंपर (ट्रिगरच्या वरची दोन बटणं). सुरुवातीला ९० दिवस असलेली वॉरंटी २०२० मध्ये एक वर्षाची केली होती, यावरून काय ते समजा. 'कोअर' आवृत्ती पाहत असाल तर त्यात पॅडल, जादा स्टिक आणि डॉक नसतात.

ट्रिगर स्टॉप रेसिंगला आड येतात, हो. अर्धा ब्रेक, पाव थ्रॉटल द्यायला प्रवासच उरत नाही. पण ट्रिगरचा प्रवास तीन पायऱ्यांत बदलणारा खटका कंट्रोलरवरच आहे (एज आणि एलिट दोन्हींत), गेम बदलताना बोटाने पूर्ण प्रवासावर सरकवा.

आरबीफुटला:
वरच्यात एक भर: वुल्व्हरिनची १००० हर्ट्झची (सेकंदाला हजार वेळा बटणांची स्थिती पाठवण्याची) जाहिरात पीसीसाठी आहे. कन्सोलवर तो आकडा मिळत नाही, तेवढ्यासाठी घेऊ नका. हॉल स्टिक आणि सहा जादा बटणं ही कारणं पुरेशी आहेत.

अवांतर: फायटिंग क्वचितच असेल तर एलिटच्या बशीसारख्या डी-पॅडऐवजी (दिशांच्या बटणाऐवजी) साधा क्रॉस लावा. बशीवर तिरक्या दिशा सहज लागतात, नको तेव्हाही.

उलटास्टिक:
मग शूटर आणि रेसिंग दोन्ही पीएस५ वरच सरकवतो आणि एज घेतो. खोकं उघडल्यावर लगेच काय पाहू?

डेडझोनशून्य:
अपडेट आधी टाका, मग वर लिहिलेली झटकन सोडायची चाचणी दोन्ही स्टिकवर. नंतर एल३ आणि आर३ (उजवी स्टिक दाबणं) प्रत्येकी वीसेक वेळा, स्टिक तिरकी धरूनही. मागच्या बटणांचा खटका दोन्ही बाजूंना सारखा वाजतो का ते ऐका. प्रोफाइल (जतन केलेली सेटिंग) बनवून एफएन बटण आणि त्रिकोण, गोल अशा आकृतीचं बटण एकत्र दाबून बदलून बघा. हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत, आणि तोवर पॅकिंग फेकू नका.