उंची आणि वजनाचे आकडे बघून गाडी बाद करू नका

काही जण म्हणतात की रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० ही मोटरसायकल साडेपाच फुटाच्या माणसाला झेपणार नाही, १९६ किलो म्हणजे डोक्याला ताप. मला नाही पटत. माझी उंची ५ फूट ५ इंच, मीही सहा महिने व्हिडिओ बघून हाच समज करून बसलो होतो, आणि ते रिव्ह्यू करणारे बहुतेक सहा फुटी असतात हे तेव्हा लक्षातच आलं नाही. एक सांगतो, या गाडीची सीट दोन उंचींवर बसवता येते, ८२५ आणि ८४५ मिमी. टेस्ट राइडला जाल तेव्हा सीट कुठल्या खाचेत आहे ते आधी विचारा, वरच्या खाचेत असेल तर खाली करून मागा. त्या २० मिमीने मला टाचा नाही तरी दोन्ही चवडे नीट टेकवता आले.

आणि फक्त सरळ रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका हो. मी पुण्याजवळच्या पिरंगुटच्या घाटात नेली, चालू लागली की वजन जाणवतच नाही. खरा कस लागला तो उतारावर तोंड करून लावलेली गाडी बसल्या बसल्या पायाने मागे ढकलताना, तिथे घाम फुटला. टाकी १७ लिटरची, ती भरलेली असताना हे करून बघा, शिवाय बायको मागे बसणार असेल तर तिलाही घेऊन जा, मागे माणूस बसला की सस्पेन्शन दबतं आणि पाय आणखी टेकतात.