पाठलाग करणाऱ्याला हसावे की त्याच्याबरोबर हसावे?

सावली (धागालेखिका):
‘द लास्ट हॉरर फिल्म’ हा डेव्हिड विंटर्स यांनी दिग्दर्शित केलेला १९८२ चा भय-विनोदी चित्रपट नुकताच दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी आलेले हसू या वेळी आले नाही. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवणारा विनी (जो स्पिनेल) आपल्या आवडत्या भयपट-अभिनेत्रीला, जेना बेट्सला (कॅरोलिन मन्रो), स्वतःच्या चित्रपटाची नायिका करण्याचा ध्यास घेऊन फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला जातो. तिच्या भोवतालची माणसे एकेक करून मारली जातात, सगळा संशय विनीवर येतो आणि अखेरीस खुनी दुसराच निघतो. शेवट उघड केल्याबद्दल क्षमस्व, परंतु माझा आक्षेप त्या शेवटालाच आहे. खुनाच्या आरोपातून सुटताना विनी पाठलागाच्या आरोपातूनही अलगद सुटतो. ज्या स्त्रीने त्याला कधी ओळखही दिली नाही तिच्या खोलीत तो शिरतो, ती टॉवेल गुंडाळून जीव वाचवण्यासाठी पळत सुटते आणि भोवतालचे लोक तो प्रसिद्धीसाठी केलेला खेळ समजतात. हे त्या खुन्याने केलेले नाही, विनीने केलेले आहे. तरीही चित्रपट संपताना आपल्याला त्याची दया यावी, अशीच सगळी मांडणी आहे.

निशाचर:
मी पूर्णपणे असहमत आहे. स्पिनेल आणि मन्रो हे दोघे १९८० च्या ‘मॅनिअ‍ॅक’मध्ये एकत्र होते आणि तिथे स्पिनेल खराखुरा खुनी होता. तो चित्रपट पाहिलेला प्रेक्षक विनीचा घामेजलेला चेहरा पाहताच निकाल देऊन मोकळा होतो, आणि दिग्दर्शकाला नेमकी तीच घाई पकडायची आहे. शिवाय आपण अगदी शेवटचा प्रसंग विचारात घेतलेला नाही. आतापर्यंत पाहिले तो सगळा विनीने बनवलेला चित्रपट होता आणि तो आईच्या शेजारी बसून ते पाहत आहे, असे तिथे कळते (ती आई स्पिनेलच्या खऱ्या आईनेच साकारली आहे, आणि त्यामुळे त्या प्रसंगाला घरगुती ऊब आहे). म्हणजे विनीला निर्दोष ठरवणारी कथा विनीनेच रचलेली आहे. पाठलाग करणारा माणूस स्वतःच्या मनात नेहमी नायकच असतो, हे इतक्या हसतखेळत सांगणारा दुसरा शेवट मला आठवत नाही.

सावली:
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, हे मान्य करते. परंतु त्यामुळे माझा आक्षेप अधिकच बळकट होतो. सगळी कथा विनीची असेल, तर जेनाची भीतीसुद्धा त्याच्या कल्पनेतली ठरते, आणि तिच्या बाजूने बोलणारे एकही दृश्य चित्रपटात उरत नाही.

याच्या शेजारी मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द किंग ऑफ कॉमेडी’ ठेवून पाहावा. तो भयपट नाही, तरी त्यातील एक छोटा प्रसंग मला अनेक भयपटांपेक्षा अधिक घाबरवतो. रस्त्यावर फोनवर बोलणारी एक बाई प्रसिद्ध विनोदवीर जेरी लँगफर्डला थांबवते, त्याचे तोंडभरून कौतुक करते आणि फोनवरील नातलगाशी दोन शब्द बोलण्याची गळ घालते. तो नम्रपणे नकार देताच ती त्याला कर्करोग व्हावा असा शाप देते. जेरीची भूमिका करणाऱ्या जेरी लुईस यांच्या स्वतःच्या अनुभवावरून तो प्रसंग घेतलेला आहे. माया आणि शिवी यांच्यात एका नकाराचे अंतर असते, हे तिथे काही सेकंदांत कळते. आपण हसतो, पण हसताना उभे असतो जेरीच्या बाजूला. भय-विनोदी चित्रपटाने हसवू नये असे मी म्हणत नाही. कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून पाहतो, एवढेच विचारते.

चौथी रांग:
थोडा काळाचा विचार व्हावा. ‘द लास्ट हॉरर फिल्म’चे चित्रीकरण १९८१ च्या कान महोत्सवात, खऱ्या गर्दीत झाले. त्याच वर्षी ३० मार्चला जॉन हिंक्लीने अभिनेत्री जोडी फॉस्टरचे लक्ष वेधण्यासाठी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. एखाद्याचा असा पाठलाग करण्याला स्वतंत्र गुन्हा मानणारा कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र १९९० मध्ये आला, तोही आदल्या वर्षी अभिनेत्री रिबेका शेफर हिची तिच्या घराच्या दारात एका चाहत्याने हत्या केल्यानंतर. जे कृत्य कायद्याच्या पुस्तकातही नव्हते, त्याची जाण १९८२ च्या एका स्वस्तातल्या चित्रपटाकडून अपेक्षिणे मला अन्यायकारक वाटते.

सावली:
कायद्याला उशीर झाला म्हणून भीतीलाही उशीर झाला असे होत नाही. दार वाजले की दचकणाऱ्या स्त्रीला त्यासाठी कलमाची गरज नव्हती. मन्रो यांनी पळण्याच्या त्या दृश्यात ती भीती अभिनयातून पुरेपूर दाखवली आहे. ती दिसूनही दृश्याचा विनोद गर्दीच्या गैरसमजावर बेतला गेला, हे मला खुपते.

निशाचर:
आपण म्हणता त्या दृश्यापुरते मी माझे मत बदलतो. तिथे गर्दीला हसताना मी गर्दीतच उभा होतो, आणि ते दिग्दर्शकाने मला जाणवू दिले असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. शेवटच्या प्रसंगाबद्दल मात्र मी ठाम आहे: विनीच्या हाती कथा आहे, हे कळल्यावर त्याच्या निर्दोषपणावर विश्वास ठेवायला चित्रपट आपल्याला सांगत नाही.