ट्युब्युलर की लिथियम? आणि स्कूटरची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला चालेल का?

प्रश्न
नमस्कार. आमचे घर दापोली तालुक्यात आहे. पावसाळ्यात तारांवर झाड पडले की दोन-दोन दिवस वीज येत नाही, आणि जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर तर आम्ही कित्येक रात्री अंधारात काढल्या. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर (शिसे-आम्लाची) बॅटरी आता बसली आहे. दुकानदार तिच्या जागी १०० अँपिअर-अवरची लिथियम सुचवत आहेत. १५० चे काम १०० मध्ये कसे होईल, हे मला उमगत नाही. शिवाय मुलाच्या विजेवरील स्कूटरची बदललेली जुनी बॅटरी घरात पडून आहे. ती जोडता येईल का?

उत्तर १
अँपिअर-अवरची तुलना करू नका, हाती लागणाऱ्या युनिटांची करा. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर, अर्थात कागदावर १.८ युनिट; परंतु शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याहून खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तिच्यातून रोज ०.९ युनिटच घ्यावे. इन्व्हर्टरसाठीचा लिथियमचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, संच १२.८ व्होल्टचा असतो; १०० अँपिअर-अवरला त्याची १.२८ युनिटे होतात आणि त्यांतील ८० ते ९० टक्के निर्धास्त वापरता येतात. म्हणजे दुकानदारांचे म्हणणे चुकीचे नाही. डिस्टिल्ड वॉटर घालण्याचा व्यापही सुटतो. मात्र इन्व्हर्टरमध्ये लिथियमसाठी चार्जिंगची वेगळी सोय आहे का, हे आधी तपासा. नसेल तर इन्व्हर्टरही बदलावा लागेल आणि मग खर्चाचे गणित निराळे होते.

उत्तर २
स्कूटरची बॅटरी कृपया जोडू नका. तिचा दाब साधारणपणे ४८ व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतो, आपला इन्व्हर्टर १२ चा आहे. कमी वजनात अधिक ऊर्जा हवी म्हणून स्कूटरमध्ये बहुधा निकेल-मँगेनीज-कोबाल्टचे सेल (हाही लिथियमचाच एक प्रकार) वापरतात, आणि ते आयर्न फॉस्फेटच्या तुलनेत कमी तापमानाला अनियंत्रित तापू लागतात. घरात बॅटरी एका जागी ठेवायची असल्याने वजनाला महत्त्व नाही, तेव्हा ही जोखीम विनाकारण पत्करणे होईल. संच उघडून सेल वेगळे करण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यांच्याकडेच ती सोपवा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. स्कूटरच्या बॅटरीचा विचार सोडला. आमच्याकडे दोन पंखे, चार दिवे आणि राउटर एवढेच चालते.

उत्तर ३
हा भार साधारण २०० वॅट धरला, तर दोन दिवस अखंड चालवायला सुमारे १० युनिटे लागतील. म्हणजे ट्युब्युलर घ्या की लिथियम, पाच-सहा तासांपलीकडे दोन्हींचा टिकाव लागणार नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचे) पंखे बसवलेत तर भार जवळजवळ निम्मा होईल. बॅटरीआधी तो खर्च करावा. पुढे कधी विजेवरील मोटार घेणार असाल, तर व्हेइकल-टू-लोडची, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणे चालवण्याची, सोय असलेलीच पाहा. २०२३ नंतरच्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीत ती मिळते, आणि तिच्या ३० युनिटांच्या बॅटरीवर आपले घर दोन दिवस सहज निघेल.