व्याकरण रद्दीत देऊन जर्मन येत नाही

रात्रपाळी:
परवाची एक पोस्ट डोक्यातून जात नाहीये. "तिशीनंतर जर्मन शिकायचंय? व्याकरणाचं पुस्तक रद्दीत द्या. लहान मूल शिकतं तसं शिका, मालिका बघा, तीन महिन्यांत बोलाल." त्याखाली 'अगदी खरं'ची रांग लागली होती.

मी नर्स आहे. सदतिसाव्या वर्षी पुण्यात 'डेर, डी, दास' (जर्मनमधले तो, ती, ते) गिरवायला बसले, आता चार वर्षं जर्मनीत वॉर्डात काम करतेय. लहान मुलाला 'मम' म्हटलं की कळून घेणारी आई असते, आणि दिवसभर, वर्षानुवर्षं कानावर पडणारी भाषा असते. माझ्याकडे कामावरून आल्यावरचे दोन तास होते. पण मुलाकडे नसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे डोक्यात तयार असलेली अख्खी मराठी.

क्लासमध्ये बाई इंग्रजीतून समजावत होत्या की जर्मनमध्ये 'मिर इस्ट श्विंडलिश' म्हणतात, हे विचित्र वाटेल, पण पाठ करा. शेजारी बार्शीची एक मुलगी होती. ती पुटपुटली, "अगं, मला गरगरतंय!" तिथे माझी ट्यूब पेटली. 'मिर' म्हणजे आपलं 'मला'. 'मला मळमळतंय', 'मला थंडी वाजतेय', 'मला आवडतं'. चतुर्थी विभक्तीतला 'मला' आपण जन्मापासून वापरतोय. आज एखादे आजोबा पलंगाचा कठडा धरून 'मिर इस्ट…' म्हणाले की पुढचा शब्द यायच्या आत माझा हात पुढे झालेला असतो. मला हे कुठल्या मालिकेने शिकवलं नाही, व्याकरणाने शिकवलं.

बेकरीसमोर:
ताई, तुमचा अनुभव तुमच्यापाशी. मी दोन वर्षं फक्त व्याकरण केलं. बी१ या मधल्या पातळीच्या जर्मन परीक्षेत लेखनात १०० पैकी ८८, संभाषणात ६२. साठला पास, म्हणजे काठावर वाचलो. म्युनिकला पहिल्याच सकाळी बेकरीत ब्रेड मागितला, तर बाईंनी विचारलं, "झोन्स्ट नोख वास?" आणखी काही हवंय का, एवढंच. मी उभ्या उभ्या क्रियापद शोधत बसलो, आणि त्यात क्रियापदच नव्हतं. मागे रांग. शेवटी इंग्रजीत बोललो. त्यानंतर सहा महिने त्या दुकानात पाऊल ठेवलं नाही. जी भीती बसली ती व्याकरणाच्या तक्त्यांमुळेच. पहिल्या दिवसापासून तोंड उघडायला लावलं असतं तर हे झालं नसतं.

रात्रपाळी:
बोलू नका असं मी कुठे म्हटलंय? बोलाच. चुकलेलं का चुकलं हे कळायला व्याकरण लागतं, एवढंच म्हणणं आहे.

पाटी_पेन्सिल:
मराठीचा आधार घ्या हे शंभर टक्के पटलं, आणि याच्याइतकंच महत्त्वाचं कुणीच बोलत नाहीये. आकडे! जर्मन 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणजे पाच-आणि-वीस. आपलं पंचवीस. आधी एकक, मग दशक. इंग्रजीवाला इथे वर्षभर अडखळतो, आपल्याला तयार मिळालंय. आणि आपण काय केलं? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसला 'वीस पाच' करायला निघालो. मी तीस वर्षं गणित शिकवलं. त्या बदलाचा राग अजून गेलेला नाही.

दुसरी_ब:
तीस वर्षं कुठल्या वर्गाला शिकवलंत? मी दुसरीला शिकवते. पोरं पंचवीस ऐकून ५२ लिहितात, रोज. 'एकूणतीस की एकोणतीस' विचारतात, आणि त्यात 'तीस' ऐकू येतो म्हणून ३९ लिहून मोकळी होतात. 'वीस नऊ' म्हटलं की डोळ्यांत उजेड पडतो. रूढ नावं कुणी काढून टाकली नव्हती, जोडीला दुसरी दिली होती. टीव्हीवरची आरडाओरड ऐकून मत बनवू नका.

पाटी_पेन्सिल:
मत टीव्हीवरून बनवायची वेळ माझ्यावर आलेली नाही. आठवी-नववीला शिकवलं, पण पाया कच्चा राहिला की तो आमच्याच वर्गात दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या पोरं पंचवीस म्हणत शिकली ना?

दुसरी_ब:
शिकली ती दिसतात. गणिताला घाबरून शाळा सुटलेली तुमच्या नववीपर्यंत पोचलीच नाहीत.

पणजी_ते_कोलोन:
जर्मनीत हीच मागणी करणारी संस्था आहे. एकवीसला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' नको, 'त्स्वान्त्सिश-आइन्स' म्हणजे 'वीस-एक' म्हणू द्या, असं तिचं म्हणणं. संस्थेचं नावच ते आहे. तेव्हा जर्मनांनाही हे सोपं जात नाही.

पण माझं भांडण धागाकर्तीशी आहे. मी इंग्रजी माध्यमातली. चतुर्थी-बितुर्थी शाळेत धड शिकले नाही. मग मला जर्मन यायला नको होती का? आणि मराठीचा आधार लिंगाला कुठे पुरतो? सूर्य आपला 'तो', जर्मनमध्ये 'डी झोने', ती. माझे सुरुवातीचे निम्मे मार्क या सवयीने खाल्ले.

रात्रपाळी:
माध्यमाचा संबंध नाही हो. घरी 'मला मळमळतंय' म्हणता ना? मग चतुर्थी तुम्हाला येते, नुसतं नाव माहीत नव्हतं. लिंगाचं तुमचं खरं आहे, शब्दागणिक पाठच करावं लागतं. पण तीन लिंगांचं मुळात नवल वाटत नाही. 'दास मेडशेन', मुलगी नपुंसकलिंगी कशी, यावर क्लासातली इंग्रजीतून विचार करणारी मंडळी पंधरा मिनिटं वाद घालत होती. '-शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, तो लागला की शब्द 'दास'. आपलं लेकरू, पोरगं, कोकरू, सगळी 'ते'च आहेत की.

आणि आकड्यांवर पाटी_पेन्सिल, तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगते. पहिल्याच महिन्यात लॅबमधून फोनवर एक आकडा सांगितला, 'फ्युन्फ-उंड-द्रायसिश'. मी कागदावर ५३ लिहिलं. पद्धतीप्रमाणे परत वाचून दाखवलं म्हणून पलीकडच्या बाईंनी लगेच थांबवलं. पस्तीस म्हणत वाढलेली मी, पण कामाच्या ठिकाणी आकडे इंग्रजीतून ऐकायची सवय लागलेली, म्हणून पाच आधी ऐकलं आणि पाच आधी लिहिलं. त्या रात्रीपासून मनात 'पस्तीस' म्हणते आणि मगच पेन टेकवते. पुन्हा चूक झाली नाही.

दुसरी_ब:
म्हणजे उलट्या क्रमाने ऐकलं की हात उलटं लिहितो. मी हेच सांगतेय.

पाटी_पेन्सिल:
पण सावरलं ते पस्तीस या शब्दाने! असो. सात वर्षांच्या पोराचा हात मी पाहिलेला नाही, तुम्ही रोज पाहता. एवढं मान्य. पुस्तकाबद्दल माझं मत तेच राहील.

बेकरीसमोर:
गणिताचा तास संपला असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ का? 'मला गरगरतंय' हे मला कुणी पुण्यात सांगितलं असतं तर तक्ते इतके नकोसे झाले नसते, हे कबूल करतो. पण तरी सांगतो, तुम्हाला भाषा आली ती वॉर्डात रोज बोलावंच लागलं म्हणून. मी दिवसभर इंग्रजीत कोड लिहितो. मला कुणी जर्मनमध्ये गरगरतंय म्हणत नाही.

रात्रपाळी:
हे मात्र खरं आहे. वॉर्ड नसता तर मीही बेकरीबाहेरच उभी असते, ते मी मघाशी लिहायला हवं होतं. रविवारी सुट्टी आहे. दुपारी फोन करा, अर्धा तास फक्त जर्मन. मध्ये थांबवणार नाही, चुका वहीत लिहून ठेवीन आणि शेवटी मराठीत सांगेन.

बेकरीसमोर:
दोन वाजता करतो. विभक्तीचा तक्ता काढलात तर फोन ठेवून देईन.