जिआर्डियाची गुणसूत्रे पाच, तर जेलवर पट्टे अधिक का?

प्रश्न (विद्यार्थिनी, फोंडा): सर्वांना नमस्कार. एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी मी आतड्यातील जिआर्डिया हा परजीवी निवडला आहे. पुस्तकात त्याची गुणसूत्रे पाच सांगितली आहेत. मात्र पल्स्ड-फील्ड जेलच्या (विजेची दिशा बदलत लांब डीएनए लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या) छायाचित्रांत पट्टे पाचांहून अधिक दिसतात, काही ठळक तर काही पुसट. मग पाच हा आकडा कशावरून ठरवला?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, म्हापसा): पट्टे मोजणे म्हणजे गुणसूत्रे मोजणे नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. जिआर्डियाच्या पेशीत दोन केंद्रके असतात आणि प्रत्येकात गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या चार प्रती. गुणसूत्रांच्या टोकांजवळ रायबोसोमल आरएनएची जनुके ओळीने पुन्हापुन्हा येतात; ही पुनरावृत्ती प्रत्येक प्रतीत सारखी नसल्यामुळे एकाच गुणसूत्राच्या प्रती कमीअधिक लांबीच्या होतात आणि जेलवर निरनिराळ्या ठिकाणी थांबतात. पुसट पट्ट्यात बहुधा एखादीच प्रत असते. म्हणून त्या जेलवरील डीएनए पटलावर उतरवून एकेका जनुकाचा प्रोब (त्याच जनुकाला चिकटणारा, खूण लावलेला डीएनएचा तुकडा) लावतात. एकच प्रोब दोन पट्ट्यांना चिकटला आणि इतर प्रोबही त्याच जोडीला चिकटले, तर ते पट्टे एकाच गुणसूत्राचे. अशा रीतीने गट पाडत गेल्यावर पाच उरतात.

उत्तर (प्रयोगशाळा साहाय्यक, पणजी): सरांच्या उत्तराला थोडी पुरवणी. पेशी अगॅरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या ठोकळ्यात बसवून तिथेच फोडाव्या लागतात, कारण पिपेटने ओढताना लांब डीएनए तुटतो. जेल तासन् तास चालते. आमच्याकडे जुलैत वीज गेली की रात्रभराचे काम वाया जाते.

जिआर्डियाचा सुमारे १ कोटी १७ लाख बेस-जोड्यांचा जीनोम (संपूर्ण डीएनएचा क्रम) २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तुकड्यांत. कोणता तुकडा कोणत्या गुणसूत्रावर, हे प्रोबने कळते. गुणसूत्रावरील त्याची नेमकी जागा मात्र कळत नाही. २०११ च्या ऑप्टिकल नकाशात डीएनए काचेवर ताणून एम्एलयू-वन या एन्झाइमने कापले, तुकड्यांचा क्रम न बिघडवता त्यांची लांबी मोजली आणि जुन्या जोडणीतील काही चुका त्यामुळे दुरुस्त झाल्या.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. एन्टअमीबा या आतड्यातील दुसऱ्या परजीवीलाही हीच रीत लागू पडेल का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, म्हापसा): जेल चालेल, पण त्याची गुणसूत्रे विभाजनाच्या वेळीही नीट घट्ट होत नाहीत, त्यामुळे गुणसूत्रे मोजायला सूक्ष्मदर्शकाची साथ तिथे मिळणार नाही. सेमिनार जिआर्डियापुरताच ठेवावा.