मदत हवी आहे: तीन बेअरिंगचा त्रिकोण आला तर जहाज नेमकं कुठे धरायचं?

देवगडचा_कॅडेट:

नमस्कार मंडळी. डेक कॅडेटचा सी टाइम पूर्ण करून गेल्या महिन्यात घरी आलो. सेकंड मेटच्या परीक्षेची तयारी चालू आहे. गणितं जमतात, पण एक प्रसंग डोक्यातून जात नाही. ओरल्सला (तोंडी परीक्षेत) कुणी हेच विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

ऑक्टोबर अखेरची गोष्ट. कोचीनहून मुंबईला येत होतो. कोर्स जवळजवळ उत्तर, वेग १५ नॉट्स, किनारा स्टारबोर्डला (उजव्या बाजूला). पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, दुपारचं ऊन किनाऱ्यावर पडलेलं, त्यामुळे खुणा अगदी लख्ख दिसत होत्या. चार ते आठच्या वॉचला (पाळीला) चीफ ऑफिसर होते. त्यांनी जीपीएसचा पडदा झाकला आणि म्हणाले, "जहाज कुठे आहे ते बाहेर बघून सांग."

मी विंगवरच्या (ब्रिजच्या बाजूच्या सज्ज्यातल्या) रिपीटरवरून तीन बेअरिंग घेतली, म्हणजे तीन खुणांच्या उत्तरेपासून अंशांत मोजलेल्या दिशा. जायरोवर (चुंबकाशिवाय चालणाऱ्या होकायंत्रावर) वाचलेले आकडे असे: प्राँग्सचं दीपगृह ०३१.५, कारंजाचा डोंगर ०६७, खांदेरीचं दीपगृह ११९. सकाळी सूर्योदयाला काढलेली जायरोची एरर (चूक) बुकात होती, १ अंश हाय. ती लावून चार्टवर (सागरी नकाशावर) ०३२.५, ०६८ आणि १२० अशा रेषा ओढल्या. तिन्ही एका ठिकाणी मिळाल्या नाहीत. त्रिकोण आला, मोठी बाजू पाव मैलाहून किंचित जास्त. मी त्रिकोणाच्या मधोमध ठिपका दिला आणि वेळ लिहिली.

मग त्यांनी पडदा काढला. जीपीएसची पोझिशन माझ्या ठिपक्यापासून जवळजवळ अर्धा मैल दक्षिण-आग्नेयेला होती. त्रिकोणाच्या आत नाहीच, पूर्ण बाहेर! म्हणजे मला वाटत होतं त्यापेक्षा आम्ही खांदेरीच्या जास्त जवळ होतो. चीफ ऑफिसर रागावले नाहीत. "कारण शोधून काढ" एवढंच म्हणाले. मुंबईला ते साइन ऑफ झाले (जहाज सोडून घरी गेले) आणि विचारायचं राहून गेलं.

माझे प्रश्न:
त्रिकोण आला म्हणजे जहाज त्याच्या आत कुठेतरी असणार, हे चूक आहे का?
धोक्याच्या जवळचा कोपरा आपली पोझिशन धरावा असं शिकवतात. पण इथे तो कोपराही सुमारे ०.४ मैल चुकलेला होता. मग त्या नियमाचा उपयोग काय?
जीपीएस नसताना हे तिथल्या तिथे कळलं असतं का?

कुणी नीट समजावून सांगितलं तर खूप उपकार होतील.

लाटांवरून:

आधी एक सांग, तीन बेअरिंग घ्यायला किती वेळ लागला? १५ नॉट्स म्हणजे मिनिटाला पाव मैल. खांदेरी तुझ्या बीमच्या (जहाजाच्या काटकोनातल्या दिशेच्या) जरा मागे, साधारण साडेसहा मैलांवर असणार. तिचं बेअरिंग एका मिनिटात २ अंश बदलतं. प्राँग्स पुढे आहे, तिचं त्याच मिनिटात पाऊण अंशच. म्हणून पुढची-मागची खूण आधी, बीमजवळची सर्वांत शेवटी, आणि वेळ त्या शेवटच्या बेअरिंगची. नवीन मुलं नेमकं उलट करतात. जवळचं दीपगृह ठळक दिसतं म्हणून आधी तेच घेतात.

देवगडचा_कॅडेट:

सर, खांदेरी शेवटीच घेतली होती. थर्ड मेट बाजूला घड्याळ घेऊन उभे होते, वीस सेकंदांत तिन्ही झाली. त्यामुळे एवढा फरक त्याने पडला नसावा.

जुना_मास्तर:

बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. चूक तूच लिहून ठेवली आहेस.

एरर १ अंश हाय. हाय म्हणजे जायरो खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. जास्त दाखवतो तर जास्तीचं काढायला हवं. तू घातलंस. ०३१.५ चं ०३०.५ व्हायला हवं होतं, तू ०३२.५ केलंस. तिन्ही रेषा २ अंशांनी चुकल्या. एरर लावायची विसरला असतास तर १ अंशाचीच चूक झाली असती. उलट्या चिन्हाने ती दुप्पट झाली. हे माझ्याही हातून झालं आहे, आणि म्हणूनच मी शेवटच्या दिवसापर्यंत बेअरिंगच्या खाली 'हाय, वजा' असं पेन्सिलीने लिहून मगच रेषा ओढत आलो.

आता मुख्य मुद्दा, कारण चिन्हाची चूक उद्या तू करणार नाहीस, पण त्रिकोण तरीही येत राहतील.

मोकळ्या मैदानात उभा आहेस असं समज. तुझ्या समोर, एकाच बाजूला, तीन खांब आहेत. तुझं होकायंत्र २ अंशांनी बिघडलं. प्रत्येक खांबावरून येणारी रेषा आपापल्या खांबाभोवती त्याच दिशेने २ अंश फिरली. खांब जेवढा लांब तेवढी त्याची रेषा तुझ्यापाशी जास्त सरकते. साठ मैलांवर १ अंश म्हणजे साधारण १ मैल, हा हिशोब कायम डोक्यात ठेव. खांदेरी साडेसहा मैलांवर, तिची रेषा पाव मैलाहून कमी सरकली. कारंजाचा डोंगर साडेचौदा मैलांवर, त्याची अर्धा मैल. तिन्ही खांब एकाच बाजूला, त्यामुळे तिन्ही रेषा तुला साधारण एकाच अंगाला ढकलतात. तिन्ही छेद तिकडेच जातात आणि तू त्रिकोणाच्या बाहेर उरतोस.

तेच खांब तुझ्या चहूबाजूंनी असते तर एक रेषा इकडे ढकलते, दुसरी तिकडे, तिसरी मागे. तेव्हा तू त्रिकोणाच्या आत अडकतोस. म्हणून, तिन्ही बेअरिंगना सारखीच एरर असेल, तर खुणा १८० अंशांपेक्षा जास्त पसरलेल्या असल्या तरच जहाज आत. त्यापेक्षा कमी पसरल्या असतील तर बाहेर. आणि किनाऱ्याकडेने जाणाऱ्या जहाजाला खुणा एकाच बाजूला मिळतात! म्हणजे कोकण किनाऱ्यावर जायरोच्या एररमुळे आलेल्या त्रिकोणाच्या मधोमध ठिपका देणं हे जवळजवळ नेहमीच चूक. हाताच्या थरथरीमुळे, अर्धा-पाव अंश इकडेतिकडे वाचल्यामुळे आलेला लहान त्रिकोण वेगळा. तिथे तुझा धोक्याच्या जवळचा कोपरा उपयोगी पडतो.

तिथल्या तिथे कसं ओळखायचं? तिन्ही बेअरिंगमधून १ अंश वजा करून रेषा पुन्हा ओढ. त्रिकोण लहान झाला तर त्याच दिशेने पुढे जा. मोठा झाला तर उलट जा. जिथे तो ठिपक्याएवढा होतो ती खरी पोझिशन, आणि जेवढं फिरवलंस तेवढी तुझ्या रेषांमधली चूक. आत्ता घरी कागद घे आणि करून बघ. उत्तर इथे लिही.

देवगडचा_कॅडेट:

केलं, कॅप्टन! माझ्याकडे सरावासाठी घेतलेला जुना चार्ट होता, त्यावरच ओढलं. पहिल्यांदा १ अंश वजा केला, त्रिकोण बरोबर निम्मा झाला. आणखी १ अंश वजा केला, ०३०.५, ०६६, ११८, आणि तिन्ही रेषा पेन्सिलीच्या टोकात मावल्या. त्या दिवशी वहीत उतरवून ठेवलेली जीपीएस पोझिशन तिथेच पडते. हात थरथरत होता ओढताना.

एक शंका. त्रिकोण आलाच नाही, रेषा सुंदर एका ठिपक्यात मिळाल्या, तर एरर नाही असं मानायचं ना?

जुना_मास्तर:

नाही. आणि हा प्रश्न विचारलास याचा मला फार आनंद झाला.

तीन खुणांमधून एकच वर्तुळ जातं. जहाज त्याच वर्तुळावर किंवा त्याला अगदी लगटून असेल तर एरर कितीही असो, रेषा एकाच ठिपक्यात मिळतात. फक्त ठिपका त्या वर्तुळावर भलतीकडे सरकतो. फिक्स (काढलेली पोझिशन) देखणी दिसते आणि खोटी असते. मधली खूण सर्वांत लांबची असली की ही भीती असते, आणि तुझा कारंजाचा डोंगर नेमका मधला आणि लांबचा आहे. माझ्या अंदाजाने तू वर्तुळाच्या दोन-अडीच मैल बाहेर होतास, म्हणून वाचलास. मधली खूण सर्वांत जवळची घे, किंवा तिन्ही साधारण एका रेषेत असलेल्या घे. मग वर्तुळाची भानगड राहत नाही.

आणखी एक. तुझ्या बेअरिंगमधली अंतरं बघ: प्राँग्स ते कारंजा ३५.५, कारंजा ते खांदेरी ५२. एरर १ अंश असो की १०, ही दोन अंतरं तीच राहतात. नुसत्या या दोन कोनांवरून पोझिशन काढता येते, होकायंत्राला न विचारता. सेक्स्टंट आडवा धरून खुणांमधले कोन घ्यायचे ते याचसाठी. ओरल्सला इथपर्यंत बोललास तर समोरच्याला कळेल की तुला विषय समजला आहे.

निळाई:

मी सध्या सेकंड मेट आहे. ती १ अंशाची एरर मुळात आली कुठून, यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ओरल्सला हमखास विचारतात.

जायरो पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर शोधतो. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे ९०० मैल पूर्वेला पळते (२१,६०० सागरी मैल, २४ तास). मुंबईच्या अक्षांशावर साधारण ८५०. जहाज १५ नॉट्सने उत्तरेला निघालं की जायरोला या दोन्ही हालचाली मिळून जाणवतात, आणि त्याची 'पूर्व' किंचित उत्तरेकडे झुकते. त्याबरोबर त्याची 'उत्तर' पश्चिमेकडे झुकते. किती? १५ भागिले ८५०, म्हणजे बरोबर १ अंशाच्या आसपास, पश्चिम, म्हणजेच हाय. देवगडच्या आकड्याशी तंतोतंत जुळतं. माझा अंदाज, जायरोवर वेग आणि अक्षांशाची दुरुस्ती लावलेली नव्हती. दक्षिणेला जाताना हीच एरर लो होते, पूर्व-पश्चिम जाताना जवळजवळ नाहीशी. म्हणून सकाळची एरर दुपारी वापरताना कोर्स तोच आहे ना हे आधी बघायचं.

सूर्योदयाच्या बेअरिंगबद्दल एक सूचना. सूर्याची खालची कड क्षितिजापासून साधारण अर्ध्या व्यासाइतकी वर आली की बेअरिंग घ्यायचं, कड टेकलेली असताना नाही. वातावरणामुळे सूर्य वर उचललेला दिसतो.

लाटांवरून:

जीपीएस झाकल्यावर कोपऱ्याच्या नियमाला जोड म्हणून दोन गोष्टी तिथेच करता आल्या असत्या. खांदेरीचं रडारवरचं अंतर. त्याला जायरोच्या एररशी देणंघेणं नाही, आणि तुझ्या ठिपक्यापासून ते सुमारे पावणेसात आलं असतं, प्रत्यक्षात साडेसहाच्याही आत होतं. तेवढ्यानेच शंका आली असती. दुसरं म्हणजे इको साउंडरची खोली चार्टशी पडताळणं.

तुमच्या चीफ ऑफिसरनी पडदा झाकला ते योग्यच केलं. १० जून १९९५ ला रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला जाताना नॅन्टकेटजवळ उथळ पाण्यात रुतलं. जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली होती आणि यंत्र नुसत्या कोर्स-वेगाच्या अंदाजावर पोझिशन दाखवत होतं. दीड दिवसाच्या आसपास कुणाच्या लक्षात आलं नाही. जहाज १७ मैल बाजूला गेलं होतं.

देवगडचा_कॅडेट:

निळाई ताई, लाटांवरून सर, दोघांचेही मनापासून आभार. दुरुस्तीच्या बटणाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या जहाजावर पहिल्या वॉचला आधी तेच बघेन.

शेवटचं विचारतो. सूर्य नाही, ढग आहेत, आणि जायरोची एरर हवी आहे, तर?

जुना_मास्तर:

किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत येण्याची वाट बघ. चार्टवर त्या रेषेचं बेअरिंग समज ०८४ आहे, जायरो ०८५ म्हणतो, तर १ अंश हाय. याला सूर्य नको, गणित नको. तू देवगडचा, घरी कुणी मासेमारीला जातं का? त्यांना विचार.

देवगडचा_कॅडेट:

बाबा तांडेल आहेत. काल रात्री विचारलं. त्यांनी होकायंत्राचं नावही काढलं नाही. टेकडीवरचं देऊळ आणि खाली किनाऱ्यालगतचा काळा खडक एका रेषेत आले की होडी खाडीच्या तोंडाला लागते, असं म्हणाले. मी विचारलं, रेषेतून बाजूला गेलो हे कसं कळतं? म्हणाले, "खडक देवळाच्या डावीकडे सरकला की आपण उजवीकडे गेलो. मग डावीकडे वळायचं." आपण ज्या बाजूला जातो त्याच्या उलट बाजूला जवळची खूण लांबच्या खुणेपासून सरकते, हे मी पुस्तकात आकृतीसकट वाचलं होतं, पण ते घरीच होतं हे लक्षात आलं नाही.

आज संध्याकाळी त्यांच्याबरोबर होडीतून जातोय. हातात धरायचं होकायंत्र मिळालं आहे. देऊळ आणि खडक रेषेत आले की बेअरिंग घेईन आणि चार्टवरच्या रेषेशी ताडून इथे लिहीन.

जुना_मास्तर:

जरूर लिही. ते चुंबकी होकायंत्र असणार, म्हणून आधी चार्टवरच्या गुलाबातून (छापलेल्या दिशाचक्रातून) तिथलं व्हेरिएशन (चुंबकी आणि खऱ्या उत्तरेतला फरक) काढून ठेव. आपल्या किनाऱ्यावर ते फार थोडं आहे, पण केप टाऊनपाशी २५ अंशांच्या आसपास पश्चिम असतं, तेव्हा सवय आत्तापासून लाव. आणि होडीच्या इंजिनापासून दूर, नाळेवर उभा राहून घे, नाहीतर लोखंडाचं डेव्हिएशन (लोखंडामुळे सुई वळते ते) त्यात येईल.