मदत हवी आहे : स्वतःच्या ओळखीत छंदाबद्दल किती लिहावं?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते, बँकेतून नुकतीच निवृत्त झाले. सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी प्रत्येकाने आपली ओळख आणि छंद लिहून द्यायचे आहेत. नोकरीचं दोन ओळींत आटोपलं, छंदापाशी मात्र अडले. गेली १४ वर्षं पहाटे वेताळ टेकडीवर पक्षी बघायला जाते. पावसाच्या तोंडावर नवरंगाची दोन सुरांची शीळ पहिल्यांदा कानावर आली की वहीत तारीख टिपते. अशा पाच वह्या झाल्यात, काहींची पानं भिजून फुगलीत. नुसतं 'छंद : पक्षीनिरीक्षण' लिहायला मन घेत नाही. एकच पहाट सविस्तर सांगू, की सगळंच थोडक्यात? कुणी अशी ओळख लिहिली असेल तर सुरुवात कशी केलीत, सांगाल का? रविवारपर्यंत मजकूर द्यायचाय.